गाळात गेलेलं प्रथिन

नवं प्रथिन हाती आलं की प्रयोगशाळेत पहिला प्रश्न ठरलेला: "कुठे एक्स्प्रेस करायचं?" माझं उत्तरही ठरलेलं असायचं, ई. कोलाय. वीस मिनिटांत दुप्पट होणारा, साध्या एलबी माध्यमावर खूश राहणारा जिवाणू. अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळालेलं मानवी इन्सुलिन याच्याकडूनच करून घेतलं होतं. त्याच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या बनवून मागाहून जोडल्या होत्या, एवढं मी सोयीस्करपणे विसरत असे.

मग चार डायसल्फाइड बंधांचं एक प्रथिन वाट्याला आलं. जनुक चालू करणारं आयपीटीजी घातलं, चार तासांनी पेशी फोडल्या, सेंट्रिफ्यूज केलं, जेल रंगवली. बँड असा ठसठशीत की पेढे वाटावेत! पण तो पेलेटच्या लेनमध्ये. सुपरनेटंटची लेन कोरी. ट्यूबच्या बुडाशी खडूच्या भुकटीसारखा पांढरा गाळ: इन्क्लुजन बॉडी. तापमान ३७ वरून १८ अंशांवर आणलं, आयपीटीजी कमी केलं, तरी गाळ तो गाळच. शेवटी तो युरियात विरघळवून डायलिसिसला लावला. सकाळी बघते तर पिशवीत दूध नासल्यासारखे कण. आठ महिने गेले. जिवाणूचा त्यात काय दोष? त्याच्या पेशीरसात गंधकाचे हे बंध सहसा टिकतच नाहीत; हट्ट माझा होता.

"अगं, यीस्टमध्ये बघितलंस का?" सर सहज म्हणाले. हैदराबादच्या शांता बायोटेकने १९९७ मध्ये हिपॅटायटिस-बीची लस पिकिया यीस्टमधूनच आणली होती, हे मी वर्गात शिकवत होते! पिकियाला रोज मिथेनॉल पाजत बसावं लागतं, रविवारीसुद्धा. चौथ्या दिवशी बँड फिकाच दिसला, पण माध्यमात, विरघळलेला.

म्हणून यीस्टची आरती ओवाळायला नको. ते प्रथिनावर मॅनोजचीच साखर लादतं. एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाला साखरेच्या टोकाशी सायलिक आम्ल लागतं, नाहीतर यकृत ते झटपट रक्तातून काढून टाकतं. तिथे सीएचओ पेशीच हव्यात, १९५७ मध्ये थिओडोर पक यांनी चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून वाढवलेल्या. दुप्पट व्हायला जवळजवळ दिवस घेतात, माध्यम महाग, आणि एक बुरशी शिरली की तीन आठवडे पाण्यात.

आता कोणी क्लोन मागायला आलं की मी आधी प्रथिनाचा क्रम छापून आणायला सांगते आणि लाल पेन देते. डायसल्फाइड बंध सिस्टीनच्या जोडीत बनतो, म्हणून सिस्टीनभोवती गोल करायचे, साखरेच्या जागांखाली रेघ. काल एकीने गोल मोजले, अकरा निघाले.

"विषम कसे?" म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसली.