तान्ह्याचा ताप

गेल्या वैशाखांतील गोष्ट. माझी धाकटी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरीं, उमरखेडला आलेली होती. बाळ २४ दिवसांचें झालेलें; वजन चांगलें, पिणें चांगलें, आणि रडणें तर तीन घरें ऐकूं जाईल असें. पैनगंगेच्या कांठचा उन्हाळा ज्यांनीं काढला आहे, त्यांना आमच्याकडच्या वैशाखाविषयीं सांगावयास नकोच. दुपारीं रस्त्यावर कुत्रेंही दिसत नाहीं, आणि रात्रीं दहा वाजतांही भिंतीला हात लावला तर ती ऊनच लागते. अशा दिवसांतही बाळंतिणीच्या खोलीची खिडकी बंद, बाळाला टोपरें, अंगांत झबलें, त्यावर दुपटें, आणि सायंकाळीं ओंवा व बाळंतशेपा यांची धुरी, हा क्रम आमच्या घरांत चालू होता. ही व्यवस्था आमच्या आत्याबाईंची. त्यांचें वय ८३ वर्षांचें. ती मोडावी असें माझ्या मनांत अनेकदां आलें. परंतु मनांत येणें आणि वडील माणसांपुढें तें बोलून दाखविणें यांत केवढें अंतर असतें, हें वाचकभगिनींना ठाऊक आहे.

त्या दिवशीं पहांटेपासून बाळ नीट प्यालें नाहीं. छातीशीं लावलें कीं दोनचार वेळां ओढावें आणि डोळे मिटावे. ‘उन्हानें सुस्तावलें असेल,’ असें मीं म्हटलें, आणि स्वयंपाकाला लागलें. नऊच्या सुमारास मालिश करणारी बाई आली. तिनें बाळाचें झबलें काढलें, मांडीवर घेतलें, आणि तेलाची वाटी तशीच बाजूला सारली.

“बाई, लेकराचं आंग भट्टीवानी लागते. आमच्या गावची आशा असती त आत्ताच दवाखान्यात धाडलं असतं.”

आत्याबाई हंसल्या. “अगं, उन्हाळ्याचें अंग आहे तें! माझीं पांच मुलें अशींच तापलीं आणि अशींच निवलीं. टाळूवर तेल घाल, वेखंड लाव, आणि घुटी उगाळून दे.” 

मीं मात्र कपाट शोधून तापमापक काढला. बाळाच्या काखेंत धरून, त्याचा हात अंगाशीं दाबून, तो वाजेपर्यंत थांबलें. १००.८ अंश. खरें सांगावयाचें तर तो आंकडा पाहून मला हायसेंच वाटलें. माझ्या मुलांना १०३-१०४ पर्यंत ताप आलेले मीं पाहिले होते; त्यांच्या पुढें हा काय? लसीच्या वेळीं लागेल म्हणून आणून ठेवलेली तापाच्या थेंबांची बाटली घरांत होती. अंदाजानें कांहीं थेंब मीं बाळाच्या तोंडांत सोडले. अकरा वाजतां ताप ९९ वर आला. सर्वांना आनंद झाला. आत्याबाईंनीं मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढली ती वेगळीच.

दुपारीं एकच्या सुमारास मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती मला म्हणाली, “आई, ताप उतरला, मग बाळ पीत कां नाहीं?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. चार तास गेले होते. तशाच भर उन्हांत रिक्षा करून आम्ही सरकारी रुग्णालयांत गेलों.

तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनीं ताप किती हें आधीं विचारलेंच नाहीं. पहिला प्रश्न, बाळ किती दिवसांचें? दुसरा, शेवटचें पोटभर केव्हां प्यालें? तिसरा, घरीं काय दिलें? थेंबांचें मीं सांगितलें तेव्हां त्या क्षणभर थांबल्या. रागावल्या नाहींत, इतकेंच म्हणाल्या, “तें दिलें नसतें, तर निदान ताप तरी आपल्याला दिसत राहिला असता.” मग त्यांनीं बाळाचें पोट उघडें करून घड्याळ लावून पुरतें एक मिनिट श्वास मोजले, छाती आंत ओढली जाते कीं काय तें पाहिलें, टाळूवर बोट फिरवून ती फुगलेली नाहीं याची खात्री केली, तळव्यावर टिचकी मारून बाळ कितपत हालतें तें पाहिलें. प्रतिजैविकाचें पहिलें इंजेक्शन तेथेंच दिलें, आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलावून आम्हांला नांदेडला धाडलें.

पैनगंगेचा पूल ओलांडला कीं विदर्भ संपून मराठवाडा लागतो. आम्हां उमरखेडकरांना यवतमाळपेक्षां नांदेड जवळचें. पण त्या दिवशीं हदगांवहून पुढचा रस्ता सरतां सरेना. गाडींतही मुलगी बाळाला पाजण्याचा प्रयत्न करीत होती. तसें करावें असें डॉक्टरीणबाईंनींच सांगितलें होतें.

रुग्णालयांत रक्त घेतलें, लघवी घेतली, आणि मग पाठीच्या मणक्यांतून पाणी काढावयाचें आहे असें सांगितलें. येथें मी पुन्हां आडवी आलें. २४ दिवसांच्या जिवाच्या पाठींत सुई! एवढ्याशा तापासाठीं! तेथील डॉक्टरांनीं मला बाजूला बसवून जें सांगितलें, तें चौथ्या इयत्तेंतील मुलालाही समजेल असें होतें, आणि तीन मुलें वाढवून, नातवंडें पाहूनही मला तें ठाऊक नव्हतें.

मोठ्या मुलाच्या शरीरांत जंतु शिरले, तर शरीर त्यांना एके ठिकाणीं अडवितें. घसा सुजतो, कान ठणकतो, खोकला येतो. रोग कोठें आहे हें दिसतें. महिन्याच्या आंतबाहेरच्या बाळाला ही अडवणूक साधत नाहीं. आईकडून आलेली थोडी प्रतिकारशक्ति त्याच्यापाशीं असते, पण ती सर्व जंतूंना पुरी पडत नाहीं. लघवीच्या मार्गांत शिरलेला जंतु कांहीं तासांत रक्तांत, आणि रक्तांतून मेंदूच्या आवरणापर्यंत पोंचूं शकतो. आणि एवढें सर्व होत असतां बाहेरून दिसतें काय? थोडा ताप, आणि बाळ पीत नाहीं. पुष्कळदां एवढेंच. दोन वर्षांचें मूल १०३ ताप असतांही खेळत असेल, तर रात्र काढून सकाळीं डॉक्टरांकडे नेलें तरी बहुधा चालतें. तीन महिन्यांच्या आंतील बाळाला १००.४, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, ताप असेल तर मात्र घड्याळाकडे न पाहतां निघावयाचें. दोन महिन्यांखालील बाळाच्या काखेंत ९९.५ भरला, तरी तें दाखविण्याचें लक्षण समजावें असें आपल्याकडील आरोग्यसेवकांना शिकविलेलें आहे. तेव्हां १००.८ हा आंकडा मीं ‘थोडा’ ठरविला तो कशाच्या आधारावर? माझ्या मोठ्या मुलांच्या. मापच चुकीचें होतें.

मीं सुईला होकार दिला. पाठीचें पाणी स्वच्छ निघालें. लघवींत आणि रक्तांत मात्र एकच जंतु सांपडला. या वयांत गंभीर जंतुसंसर्गाचें सर्वांत नेहमींचें ठिकाण लघवीचा मार्ग हेंच, असें मागाहून समजलें. १४ दिवस शिरेंतून औषध चाललें. तिसऱ्या दिवशीं बाळ पूर्वीसारखें रडलें, तेव्हां त्या रडण्यानें आम्हांला जो संतोष झाला, तो शेजारच्या खाटेवरील मंडळींना झाला असेल असें वाटत नाहीं.

त्या १४ दिवसांत मला राहून राहून त्या मालिशवाल्या बाईचें बोलणें आठवे. आमच्या घरांत पदवी घेतलेलीं माणसें सहा. पण नियम तिला ठाऊक होता, आम्हांला नव्हता. तिच्या सुनेच्या बाळंतपणानंतर गांवची आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं घरीं येऊन बाळाला तोलून, ताप मोजून गेली होती. ही पद्धति सरकारनें २०११ साली देशभर घेतली. तिचा पाया मात्र आमच्या विदर्भांतच, गडचिरोलींत घातला गेला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें १९९५ नंतर ३९ गांवांत थोड्याफार शिकलेल्या खेड्यांतील बायकांना नवजात बाळ तपासावयास, आणि जरूर पडल्यास प्रतिजैविकाचें इंजेक्शन द्यावयास शिकविलें. तीन वर्षांत, शेजारच्या इतर गांवांशीं ताडून पाहतां, नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं कमी झाले. १९९९ साली विलायतेच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रानें तो वृत्तांत छापला. यांतील बायकांचें शिक्षण पांचवी ते दहावीपर्यंतचें. आमच्या ‘सुशिक्षित’ घराला आशा विचारपूस करावयास आली असती, तर आम्हीं तिला चहा देऊन, ‘आमचें सर्व ठीक आहे’ असें सांगून परत पाठविलें असतें, ही मला दाट शंका आहे.

अशा वेळीं घरीं काय करावें हें मला नंतर पुष्कळांनीं विचारलें. करावयाचें फार थोडें, आणि न करावयाचें पुष्कळ आहे. बाळ फार गुंडाळलेलें असेल तर टोपरें-दुपटें काढून, पाजून, पंधरा मिनिटांनीं ताप पुन्हां मोजावा. आमच्या वैशाखांत नुसत्या पांघरुणानेंही अंग तापतें, हें खोटें नव्हे. पण बाळ पीत नसेल, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेत असेल, छाती आंत ओढत असेल, हलविल्याखेरीज हालत नसेल किंवा झटका आला असेल, तर तीं पंधरा मिनिटेंही घालवूं नयेत. तापाचें औषध आपल्या मनानें देऊं नये. गार पाण्यांत घालूं नये, बर्फ लावूं नये. सहाणेवर उगाळलेली घुटी आणि मध दोन्ही दूर ठेवावीं. सहाणेवरून जंतु जातात, आणि वर्षाच्या आंतील बाळाला मध कधींच देऊं नये. वाटेंत पाजीत रहावें. किती वाजतां काय झालें, दिवसांत लघवी किती वेळां झाली, हें कागदावर टिपून न्यावें. दवाखान्यांत आयत्या वेळीं कोणालाच कांहीं आठवत नाहीं. सरकारी रुग्णालयांत वर्षाच्या आंतील आजारी बाळाचे उपचार आणि नेण्याची गाडी यांना पैसे पडत नाहींत, हेंही पुष्कळांस ठाऊक नसतें. दीड महिन्याच्या लसीनंतर एकदोन दिवस कणकण येते तिची गोष्ट वेगळी. त्या वेळीं औषध किती द्यावयाचें तें लस टोंचणाऱ्या बाईंकडूनच विचारून घ्यावें. पण तेव्हांही पिणें सुटलें तर ‘लसीचा ताप’ म्हणून बसून राहूं नये.

नांदेडहून परत आलों त्या रात्रीं आत्याबाई बाळाच्या पाळण्यापाशीं बराच वेळ बसून होत्या. खोलीची खिडकी त्यांनीं स्वतः उघडली होती. मी दूध द्यावयास गेलें तेव्हां, माझ्याकडे न पाहतां त्या म्हणाल्या, “मला सात झालीं होतीं.”

मला प्रथम कळलेंच नाहीं. त्यांचीं मुलें पांच, असेंच आम्ही लहानपणापासून ऐकत आलों होतों.

“दुसरा एकोणीस दिवसांचा होता. आणि चौथ्या खेपेची मुलगी, बारसें झाल्यावर आठव्या दिवशीं. तिला ताप नव्हता. ती पीत नव्हती आणि गार पडत चालली होती. आम्हीं शेगडी वाढविली. सासूबाई म्हणाल्या, सटवीनें लिहिलेलें कोणाला चुकलें आहे?” थोड्या वेळानें त्या पुढें म्हणाल्या, “तीं दोघें मीं कधीं मोजलींच नाहींत.”

मीं त्यांना सांगितलें कीं, या वयाचें बाळ आजारी पडलें म्हणजे तापतेंच असें नाहीं. तें गारही पडतें, आणि काखेंतील उष्मा ९५.९ च्या खालीं गेला तर तेंही तापाइतकेंच घाबरण्याचें लक्षण आहे. आईच्या उघड्या छातीशीं धरून, वरून पांघरून, तसेंच दवाखान्यांत न्यावयाचें असतें. हें त्यांना सांगावें कीं नाहीं, याचा मीं आधीं विचार केला नव्हता. सांगितल्यावर मला वाईट वाटलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं भिंतीवरील दिनदर्शिकेच्या बाजूला मीं एक कागद चिकटविला. त्यावर १०८ हा क्रमांक आणि १००.४ हा आंकडा लिहिला. आत्याबाई चष्मा लावून तो वाचावयास आल्या.

“गारव्याचाही लिही,” त्या म्हणाल्या. “आणि मोठ्या अक्षरांत लिही, मला येथून दिसला पाहिजे.”