चेतकचा पायब्रेक

या लेखातला ‘तो’ म्हणजे लिहिणाराच. स्वतःच्या तुटलेल्या हाताबद्दल ‘मी’ म्हणून लिहायला लागलं की गाडी बाजूला राहते आणि हातच पुढे येतो. इथे सांगायचं आहे ते गाडीबद्दल.

त्याचा डावा हात कोपराखाली चार बोटांवर संपतो. पॉवर प्रेसवर गेला. कोपर वाकतं, दंडात जोर आहे. नाहीत ती बोटं आणि मनगट. घर गोरेगाव पश्चिमेला, काम पूर्वेला, मध्ये रेल्वे आणि हायवे. गर्दीच्या बसमध्ये एका हाताने दांडी धरायची की बॅग सांभाळायची, हा प्रश्न रोज सकाळी पडायचा. म्हणून स्कूटर.

साइड व्हीलची स्कूटर मुंबईत नवी नाही. पण ती बहुतेक पायात अधूपण असलेल्यांसाठी बनत आली आहे, त्यामुळे फिटरही तसाच विचार करतो: चाकं जोडली, काम झालं. एका हाताच्या माणसाचं गणित उलटं. सिग्नलला थांबताना शंभर किलोंच्या वरची स्कूटर तोलायला त्याला दोन्ही पाय जमिनीवर टेकवावे लागतात. साइड व्हील आली की पाय मोकळे होतात, आणि गेलेल्या हाताची कामं त्या पायांना देता येतात. या चाकांचा त्याला झालेला खरा फायदा हाच.

डाव्या हाताकडे किती कामं असतात, हे तो हात असताना कधी मोजलं नव्हतं. हॉर्न, इंडिकेटर, डिपर आणि ब्रेक. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. कॉम्बीवाल्या बहुतेक स्कूटरांत डावा लिव्हर दाबला की मागच्या चाकाबरोबर पुढचाही ब्रेक थोडा लागतो. उजवा लिव्हर फक्त पुढचा. म्हणजे डावा हात नसलेल्याच्या वाट्याला गाडीचा सगळ्यात भरवशाचा ब्रेकच येत नाही.

पहिल्या गॅरेजने दोन्ही लिव्हर उजवीकडे, एकाखाली एक बसवून दिले. सपाट रस्त्यावर ठीक चाललं. वाटेतल्या मृणालताई गोरे उड्डाणपुलाच्या चढावर गाड्या थांबल्या, आणि पुन्हा निघताना गोम कळली. ब्रेक सोडल्याशिवाय मूठ पिळता येईना, आणि सोडला की गाडी मागे. हात एकच, कामं दोन, तीही एकाच क्षणी. मागच्या रिक्षावाल्याने वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं.

त्यानंतर तो आपल्या गल्लीतल्या मेकॅनिक काकांकडे गेला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चेतकचा मागचा ब्रेक कुठे असायचा, आठवतं?”

“पायात, काका.”

“आणि रिक्षाचा?”

तोही पायातच. बजाज चेतकमध्ये डाव्या हातात क्लच आणि गिअर, म्हणून मागचा ब्रेक उजव्या पायाशी. बिनगिअरच्या स्कूटरी आल्या, डावा हात रिकामा झाला आणि पुढे बहुतेकींत ब्रेक वर गेला. कायनेटिक होंडा १९८४ ची. बटणस्टार्ट, बिनगिअर, आणि अपंगांना स्कूटर सोपी झाली ती तिच्यामुळे, हे मान्यच आहे. पण एका हाताच्या माणसाला हवी असलेली गोष्ट बिनगिअरच्या या बदलात हळूहळू हरवली होती.

काकांनी मूळच्या डाव्या लिव्हरची केबल खाली आणून फूटबोर्डवरच्या पॅडलला जोडली. पहिल्या दिवशी पाय लागताच मागचं चाक जाम. पायाचा जोर बोटांच्या कितीतरी पट असतो. मग केबल बिजागरीपासून थोडी लांब जोडली, तेव्हा ब्रेक पायाला कळू लागला. पॅडलला ब्रेकलाइटचा स्विचही लावावा लागला. स्विच राहून गेला असता तर ब्रेक लागला असता, पण मागच्याला लाल दिवा दिसला नसता.

वळणं राहिली होती. दुचाकी झुकते, साइड व्हीलची गाडी झुकत नाही. हँडल जोर लावून फिरवावं लागतं. डावीकडे वळताना उजव्या हाताने पुढे ढकललं की झालं. उजवीकडे वळायचं तर तोच हात ओढायचा, आणि ओढताना मनगट वळून मूठ पिळली जाते. यू-टर्नमध्ये गाडी आपोआप वेग घेते. एटीव्हीसारखी अंगठ्याने दाबायची रेस बसवायची का, यावर दोन रविवार गेले. पण अंगठा तिथे अडकला तर हॉर्न कोण वाजवणार? शेवटी डाव्या मुठीच्या जागी उभ्या कापलेल्या पीव्हीसी पाइपची, आतून फोम लावलेली वाटी बसवली. उरलेला हात त्यात टेकवून पुढे ढकलला की गाडी उजवीकडे वळते. ओढायचं कामच संपलं. वाटी वरून उघडी आहे, पट्टा नाही. पडला तर हात सुटलाच पाहिजे.

हॉर्न आणि इंडिकेटर उजव्या अंगठ्याखाली आले. डिपर डाव्या पायाशी गेला, जुन्या जीपमध्ये असायचा तसा.

ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅलन केम्पस्टर उजवा हात आणि उजवा पाय गमावल्यावर सगळी नियंत्रणं डावीकडे घेऊन शर्यतीत उतरत असे; त्याच्या गाडीचा क्रमांक होता ½. त्याचे व्हिडिओ पाहून याला धीर आला, पण नक्कल करता आली नाही. प्रत्येकाचं शरीर वेगळं उरतं आणि गाडी त्या शरीरावर बेतावी लागते. तयार किट घेऊन सगळ्यांना सारखं बसवणाऱ्यांवर म्हणूनच याचा विश्वास नाही.

कागदांचं काम टाळण्यासारखं नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओच्या परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही. पूर्वी अशा गाडीला कायद्यात ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हणत. २०१९ च्या दुरुस्तीने ‘अडॅप्टेड व्हेइकल’ हा शब्द आणला. लायसन्सवर पहिल्यांदा तो शब्द वाचताना त्याला बरं वाटलं. आता नाव गाडीला आहे, माणसाला नाही.

आरे कॉलनीच्या रस्त्यावर पहाटेचा सराव चालतो. तिथे साइड व्हीलची एक खोड कळते: दोन्ही बाजूची चाकं उंचवट्यावर आणि मधलं खड्ड्यावर आलं, की भार बाजूच्या चाकांवर जातो आणि मधलं, इंजिनाने फिरणारं चाक जागेवरच फिरतं. काकांनी साइड व्हीलच्या स्प्रिंग नरम केल्या, तेव्हापासून कमी होतं.

पार्किंग ब्रेकचं काम बाकी आहे. ही गाडी स्टँडशिवाय उभी राहते खरी, पण उतारावर घरंगळते. पॅडल दाबलेलं अडकवून ठेवणारी खिट्टी काका बनवताहेत. तोवर डिकीत लाकडाची पाचर असते, आणि उतरल्यावर ती चाकाखाली पायानेच सरकवायची.