उसनं बी

सोलापूरकडच्या आमच्या गावात बी विकत आणणं कमीपणाचं मानलं जायचं. ज्याच्या घरात स्वतःचं बी नाही त्याचं काही खरं नाही, असा सरळ अर्थ लोक काढायचे. नसलंच तर उसनं मागायचं. शेजारणीकडून पायलीभर ज्वारी नेली तर सुगीनंतर सव्वा पायली घालायची. सावकाराच्या दारात तोच हिशेब दिढीवर जायचा, म्हणून बायका आधी आळी धुंडाळायच्या. एकराला पायलीभर बी पुरायचं, त्यामुळे एका घरची कणगी चार घरांची पेरणी साधून द्यायची.

बी निवडणं आजीकडे. काढणीच्या आधी ती रानात फिरायची आणि पट्टीच्या मधोमध उभ्या ताटांवरच्या गच्च भरलेल्या कणसांना चिंध्या बांधायची. बांधालगतचं कणीस घ्यायचं नाही, हा तिचा दंडक. कारण तिनं कधी सांगितलं नाही. ज्वारी बहुतेक स्वतःच्याच परागावर दाणा धरते, पण शेजारच्या रानातला पराग आला तर आधी कडेच्या ताटांवर येतो, हे मला फार पुढे वाचून कळलं. ही कणसं खळ्यावर बैलांच्या पायाखाली जात नसत. काठीनं वेगळी बडवायची, दाणा खडखडीत वाळवायचा, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात भरायचा आणि तोंड शेणमातीनं लिंपायचं. भोपळ्याच्या, वाळकाच्या बिया शेणात कालवून कुडावर थापलेल्या असत. दोडका तर अख्खाच आढ्याला टांगलेला. नवरात्रात घटाभोवतीचं धान्य कसं उगवतंय याकडे घरातल्या पुरुषांचं बारीक लक्ष असे, कारण रब्बीची पेरणी तोंडावर आलेली असायची. देवीचीही त्याला हरकत नसावी.

हस्ताच्या पावसाची ओल काळ्या रानात धरायची आणि वरून पाणी न देता त्या ओलीवर ज्वारी काढायची, हा इथला धंदा. म्हणून एका पिकावर कुणी विसंबत नसे. ज्वारीत करडईचा पाटा, खरिपाच्या बाजरीत तूर, मटकी, हुलगा, अंबाडी. बाजरी बसली तरी हुलगा हाती लागायचा.

मग हायब्रीड आलं. सीएसएच-१ हे संकरित वाण १९६४ साली प्रसारित झालं; आमच्याकडे त्याचं खरं बस्तान बसलं ते १९७२च्या दुष्काळानंतर. त्या वर्षी आमच्या घरी बियाण्याचं मडकंसुद्धा फोडून दळलं गेलं. लोक परदेशातून आलेल्या लाल मिलोवर आणि सुकडीवर जगले. त्यानंतर एकरी चार पोती जास्त देणाऱ्या वाणाला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. भाकरी बेचव, कडबा आखूड, पावसात सापडलं तर कणीस काळं, हे सगळं खरं. पण पोट भरलं. पंचाईत झाली ती दुसऱ्या वर्षी. संकरिताचं बी राखून पेरलं तर कुठं उंच, कुठं ठेंगणं, कुठं आधी पोटरलेलं असं सरमिसळ रान उगवतं. दरसाल पिशवी आणणं आलं, आणि बियाण्याचा निर्णय आजीच्या हातून बाजाराला जाणाऱ्या पुरुषाच्या खिशात गेला. मला विचाराल तर वाण गेल्यापेक्षा हे नुकसान मोठं.

कोरडवाहू रब्बीत मात्र हायब्रीडची डाळ शिजली नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी स्वातंत्र्याच्याही आधीची; ती अजून रानात उभी आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मागे पडली ती बाकीची मंडळी: राळा, हुलगा, ज्वारीतली कुचकुची आणि दगडी. त्यांच्या जागेवर ऊस आणि सोयाबीन आलं.

आता वारं थोडं फिरलंय. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा बँकांतल्या बरण्यांवर वाणाचं नाव असतं, गाव असतं, साल असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर बी मागितलं की कुरिअरनं येतं. आजीच्या मडक्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. ती गेल्यावर कुठल्या मडक्यात काय आहे हे घरात कुणालाच सांगता आलं नाही. चिठ्ठी लावलेली बरणी केव्हाही बरी. पण बरणीतही बियाण्याची उगवण वर्षागणिक घटतच जाते. ते पेरावंच लागतं, आणि पेरायचं तर ते धान्य खाणारं कुणीतरी हवं.

कायद्याची धास्ती बाळगू नका. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपलं बी राखण्याची, पेरण्याची, देवघेवीची, अगदी विकण्याचीही मुभा आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही, एवढंच. तेव्हा यंदा हुरडा भाजायला रानात जाल तेव्हा गुळभेंडीची दहा-वीस चांगली कणसं ताटावरच सोडा. ती पुरती पिकू द्या, वाळवा, आणि त्यातलं निम्मं बी दुसऱ्या शिवारातल्या कुणाला तरी द्या, म्हणजे तुमचं पीक बुडालं तरी वाण गावात राहील.