महाडला निघालो, महाबळेश्वरी अडकलो

२०२३ सालचा २५ डिसेंबर सोमवारी आला होता. शनिवार, रविवार आणि नाताळ अशी सलग तीन दिवसांची सुटी. आमच्या सांगलीच्या वस्तीतील पाच कुटुंबांनी ठरविले की या वेळी मनुस्मृती दहन दिनाला महाडला जायचेच. लहानमोठी मिळून आम्ही तेवीस माणसे. त्यात आमची सत्त्याहत्तर वर्षांची आई आणि शेजारच्या ताईंचे कडेवरचे बाळही.

सांगलीहून महाडला जायला कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असाही रस्ता आहे. पण मुलांना बाबासाहेबांचे सातारा दाखवावे म्हणून आम्ही आधी सातारा आणि मग महाबळेश्वरमार्गे महाड असा बेत केला. आम्ही कारकुनी करणारी माणसे, त्यामुळे बेत वहीत वेळापत्रकासह लिहून काढला होता. त्या वेळापत्रकाचे पुढे काय झाले, तेच वाचकांना सांगायचे आहे.

मसूरचे स्टेशन

चोवीस तारखेला सकाळी सांगलीहून रेल्वेने निघालो. कराड गेले आणि थोड्या वेळाने मसूर आले. आम्ही मुलांना खिडकीशी बोलावले. सन १९०१ मध्ये बाबासाहेब लहान असताना त्यांचे वडील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे नोकरीला होते. बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून रेल्वेने या मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. ही मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे या अटीवर! वाटेत नाकेदाराकडे पाणी मागितले, तेही मिळाले नाही. बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे.

आमची धाकटी मुलगी म्हणाली, “बाबा, पैसे होते तरी गाडी मिळाली नाही?” आम्ही म्हटले, “नाही मिळाली. म्हणून तर आज एस.टी.त कोणीही कुणाच्याही शेजारी बसतो, ही साधी गोष्ट नाही.”

साताऱ्यात भीमाईंच्या समाधीचे दर्शन घेतले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या ज्या शाळेत दाखल झाले, त्या शाळेची गोष्ट मुलांना सांगितली. रात्री एका नातेवाइकांकडे मुक्काम केला. इथपर्यंत सारे वहीप्रमाणे झाले.

घाट चढताना

पंचवीसला भल्या सकाळी साताऱ्याच्या स्थानकावर वाई-पाचगणी-महाबळेश्वरमार्गे जाणारी एस.टी. धरली. आईचे तिकीट शून्य रुपये, कारण पंचाहत्तरीपुढील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. त्यामुळे पाच घरांचा खर्च आवाक्यात आला. गरिबाच्या घरातली म्हातारी माणसे डोंगर पाहतात ती एस.टी.च्या जिवावर, हे लक्षात ठेवले पाहिजे.

वाई सोडली की पसरणी घाट सुरू होतो. खाली कृष्णेचे खोरे, धोम धरणाचे पाणी आणि वळणागणिक वर येणारा गारवा. मुले हरखून गेली. वाईच्या उत्तरेला मांढरदेवचा डोंगर आहे. २५ जानेवारी २००५ रोजी त्या डोंगरावर यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. अरुंद चढण, दोन्ही बाजूंना दुकाने आणि माघारी फिरायला जागा नाही. मेली ती बहुतेक हातावर पोट असलेली माणसे. आमच्या श्रद्धा वेगळ्या असतील, पण मरण सर्वांना सारखेच. डोंगरावर माणसे किती येणार आणि अडचण झाल्यास परत कशी फिरणार, याचा विचार आधी केला नाही तर काय होते, ते सातारा जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे.

पाचगणीच्या अलीकडेच एस.टी. मंदावली. पाचगणी ओलांडायला तास गेला. तिथून महाबळेश्वर अवघे वीस किलोमीटरच्या आत. पण वेण्णा तलावाच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे मोटारी, मागे मोटारी. एका कडेला लावून ठेवलेल्या मोटारी, दुसऱ्या कडेला मक्याची कणसे, स्ट्रॉबेरी आणि घोडेवाले. मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता. त्यातच कोणी उतावळा रांग मोडून उजवीकडून पुढे घुसला. त्याच्यामागे आणखी दहा घुसले. समोरून येणाऱ्यांची वाट बंद झाली आणि त्यामुळे आमचीही. कोंडी होते ती अशी. रस्ता अरुंद असतोच, पण तो बंद पडतो माणसाच्या उतावळेपणाने.

चालक वयाने पोक्त होते. ते म्हणाले, “साहेब, चढावर भरलेली गाडी क्लचवर धरून धरून पाय भरून येतो. सकाळपासून चहासुद्धा नाही. आणि वेळेवर पोचलो नाही तर उत्तर आम्हीच द्यायचं.”

आम्ही बी.कॉम. झालेले. हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. खाली उतरून पुढच्या दहा मोटारींतली डोकी मोजली. बत्तीस भरली. आमच्या एका एस.टी.त उभे धरून पन्नासच्या वर माणसे होती. एस.टी. रस्त्यावर जागा अडवते ती फार तर तीन मोटारींची. म्हणजे पन्नास माणसे थोड्या जागेत, आणि बत्तीस माणसे तिच्या तिप्पट जागेत. तरीही एक गृहस्थ काच खाली करून म्हणाले, “या एस.ट्यांमुळेच सगळा जाम होतो. आणि हल्ली महाबळेश्वरला कोणीही येतं हो!”

हे ‘कोणीही’ म्हणजे कोण, ते आम्हाला बरोबर कळले.

जीपमधील बाई

दुपार टळली. बाळ रडून रडून झोपले. तेवढ्यात समोरून, म्हणजे महाबळेश्वरकडून, हॉर्नचा एकसारखा आवाज आला. कोयनेच्या खोऱ्यातील एका गावाहून बाळंतिणीला घेऊन निघालेली जीप कोंडीत सापडली होती. पहिलटकरीण, दिवस भरलेले, वाईच्या दवाखान्यात न्यायची होती. तिची सासू गाडीबाहेर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होती. त्या खोऱ्यातील माणसांना तालुक्याला यायचे, बाजाराला यायचे, आजारी माणूस न्यायचा, तर वाट हीच. आपली सुटी तीन दिवसांची असते, पण त्यांना त्या रस्त्याने बारा महिने जावे-यावे लागते.

आमच्या वाहकाने शिटी वाजवली. आमच्यातली सात-आठ तरुण मुले उतरली, गावातले दोन घोडेवाले आले. एकेक मोटार पुढे-मागे सरकवत वाट काढायला सुरुवात झाली. एक जण अडून बसला. “तुम्ही कोण सांगणारे? पोलीस आहात काय?” त्यावर आमच्या सौभाग्यवती पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “पोलीस नाही दादा, पण आम्हीही बाळंत झालोय. गाडी मागं घ्या.” त्याने मुकाट्याने गाडी मागे घेतली. पाऊण तासाने जीप निघाली. पुढे त्या माउलीचे काय झाले ते आम्हाला कळले नाही. ती सुखरूप सुटली असेल अशी आशा धरतो. पण जी वाट पाऊण तासात आमच्यासारख्यांनी मोकळी केली, ती आधीच मोकळी का नव्हती?

डोंगर कोणाचा?

महाबळेश्वरचे ठाणे वसविले ते १८२८च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली आणि पेठेला माल्कमपेठ नाव पडले. उन्हाळ्यात मुंबईचे साहेब लोक इथे येऊन राहत. तिथल्या तुरुंगात चिनी कैदी ठेवलेले होते आणि ठाण्याच्या रस्त्यांवर त्यांची मेहनत गेली आहे. थोडक्यात, रस्ते केले कैद्या-मजुरांनी आणि हवा खाल्ली साहेबांनी. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली एस.टी. सुरू झाली, ती गावोगाव आणि घाटमाथ्यावर पोचली, तेव्हा कुठे गिरणी कामगार, शाळामास्तर, शेतकरी असे लोक इथे येऊ लागले.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की गर्दी कमी करायची ती मोटारींची करा, माणसांची नको. ‘कोणीही येतं’ म्हणून नाके मोडणाऱ्यांनी जरा आपल्या मोटारीतील रिकाम्या जागा मोजाव्यात.

रस्ता रुंद करा, असे कोणी म्हणेल. पण २००१ सालापासून महाबळेश्वर-पाचगणी हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. जुलै २०२१ मध्ये इथे एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. जिल्ह्यात दरडी कोसळल्या, घाटरस्ते खचले. डोंगर किती तासायचा यालाही मर्यादा आहे.

मग उपाय नाही काय? आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यात आहे. साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरवर कासचे पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा ठरले आणि पावसाळ्याच्या अखेरीस तेरडा, सोनकी, गेंद पाहायला मोटारींची रीघ लागली. जांभ्या खडकावर बोटभर माती, त्यावर ती फुले. चाक गेले की संपले. पुढे दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा ठरली, मोटारी लांब उभ्या करून तिथून बसने न्यायची पद्धत आली, आणि आसपासच्या गावांची समिती हे काम पाहू लागली. गावच्या मुलांना रोजगारही मिळाला. एक उणीव मात्र आहे. नोंदणी मोबाइलवरून करायची, तर ज्याला ती जमत नाही त्या माणसाचीही सोय हवी.

स्वित्झर्लंडमध्ये बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी जगभरचे लोक झरमॅट या गावी जातात. तिथे पेट्रोलच्या मोटारींना बंदी आहे. पाच किलोमीटर अलीकडे टॅश गावात गाडी ठेवायची आणि रेल्वेने वर जायचे. श्रीमंतातला श्रीमंतही तसाच जातो. आपल्या माथेरानलाही मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पण तिथे वर्षानुवर्षे माणसाने माणसाला हातरिक्षात बसवून ओढले. ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असा आदेश दिला. मोटार थांबवावी ती अशी, की तिचे ओझे पुन्हा गरिबाच्या खांद्यावर येऊ नये.

चवदार तळे

महाबळेश्वर सुटले तेव्हा ऊन उतरले होते. पुढे आंबेनळी घाट. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून तीस जण गेले. सकाळपासून थकलेले आमचे चालक एकेक वळण जपून घेत होते, आणि गाडीत कोणी बोलत नव्हते. कोंडीत दमलेला चालक अंधारात असला घाट उतरतो, याचाही विचार सुटीला निघणाऱ्यांनी करावा.

महाडला पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. दिवसाचा कार्यक्रम संपला होता. क्रांतिस्तंभापाशी तुरळक माणसे उरली होती. मुले हिरमुसली. चवदार तळ्याच्या पायरीवर आईला धरून बसविले. तिने पाण्यात हात बुडवला, तो डोळ्यांना लावला आणि म्हणाली, “पोचलो ना? पायी आलेली माणसं पोचली होती, आपण तर बसून आलो.” त्यावर आम्ही काय बोलणार?

परत आल्यावर आम्ही एक निवेदन तयार केले आहे. सुटीच्या दिवशी बाहेरच्या मोटारी वाई आणि पाचगणीला मोकळ्या जागेत थांबवाव्यात, तिथून वर दर दहा मिनिटांनी एस.टी. सोडावी, रस्त्याच्या कडेला गाडी लावू देऊ नये, आणि एस.टी. व रुग्णवाहिकेला वाट राखून ठेवावी, एवढ्याच मागण्या आहेत. सातारा-सांगलीतील मंडळांनी असे निवेदन आपापल्या तहसीलदारांना व आगारप्रमुखांना द्यावे.

आणि वाचकहो, आपणही एवढे करू या. सहल काढायची तर पाच घरांनी मिळून एस.टी. प्रासंगिक करारावर घ्यावी, जमल्यास सुटीची गर्दी टाळून जावे, आणि जे जीपने जातात त्यांनी घाटात रांग मोडू नये. समोरून येणाऱ्या गाडीत कोणाची लेक असेल, हे आपल्याला ठाऊक नसते.