दोराचा गुण

संस्कृतात 'गुण' या शब्दाचा एक अर्थ दोर असाही आहे. शिकविताना हे मी पुष्कळदा सांगितले. परंतु दोराचेही गुण पारखावे लागतात, हे व्यवहारात फारसे कोणी मनावर घेत नाही. आमच्या बाळपणी मोटेला नाडा व सोंदूर, बैलाला कासरा, गाईला दावे, अशी प्रत्येक कामाची निराळी दोरी असे. आता घरात सापडेल तो दोर सर्व कामांस चालतो, असा समज झाला आहे.

गेल्या वैशाखात आमच्या परसातील आंब्याची एक जून फांदी शेजारच्या कौलांवर झुकली. पावसापूर्वी ती उतरविणे प्राप्त होते. माळ्यावरचा काथ्याचा दोर आंगठ्याएवढा जाड आहे, तोच द्यावा, असे घरातील मंडळींचे मत पडले. झाडावर चढणाऱ्या तरुणाने त्याचा पीळ उकलून दाखविला, तो आत नुसता भुसा! जाडी म्हणजे बळ नव्हे, हे सर्वांस तत्काळ पटले.

मग नवा दोर कोणता घ्यावा? फांदीचे वजन पाहून भागत नाही. ताणलेल्या दोरावर भार एकाएकी सोडला तरी क्षणभर दुप्पट ओढ बसते. दोर सैल राहून फांदी चार हात खाली आली, तर ती कित्येक पट होते. कप्पी बांधलेल्या खांदीवर तर दोराच्या दोन्ही पदरांची ओढ एकत्र येते. बाजारातील स्वस्त पॉलिप्रॉपिलीनचा दोर हलका खरा, पण उन्हाने कुजतो आणि सुमारे 165 अंशांवर वितळतो. घर्षणाच्या उष्णतेपुढे तो भरवशाचा नव्हे. 1935 साली निर्माण झालेले नायलॉन ताणले जाऊन धक्का सोसते. परंतु खाली कौले असताना तेच लांबणे घातक, शिवाय भिजल्यावर त्याचे बळ घटते. 1941 साली शोध लागलेल्या पॉलिएस्टरचा दोर थोडाच ताणतो, ऊन-पाणी सोसतो. म्हणून आमच्या कामास तोच योग्य ठरला. गाठीने दोराचे बळ बरेच उणे होते; यास्तव तुटण्याच्या भाराच्या दहाव्या हिश्शाहून अधिक भार त्यावर न घालणे शहाणपणाचे. आणि फांदीचा दोर माणसाच्या कमरेस कधीही बांधू नये. एकदा धक्के खाल्लेल्या दोरावर जीव टांगणे म्हणजे दैवाची परीक्षा पाहणे होय.

दोराची किंमत ऐकून घरात कुरकुर झाली, हेही सांगितले पाहिजे. काटकसर हे आपल्या घरांचे भूषण आहे. परंतु वर चढणारा मनुष्यही कोणाच्या तरी घरचा कर्ता मुलगा असतो. त्याच्या जिवावर वाचविलेला पैसा बचतीच्या खाती जमा धरता येत नाही.