दुसऱ्या घराचा हिशेब

‘एक घर राहायला, एक भाड्याला’ हे स्वप्न कुणाला पडत नाही? २०२३ च्या उन्हाळ्यात आम्हीही पुण्यात एक फ्लॅट बघून आलो. किंमत ५५ लाख. माझ्या पोस्टातल्या ठेवी मोडून १५ लाख, बाकीचं ४० लाख कर्ज. “भाड्यातून हप्ता फिटेल, म्हातारपणाची सोय होईल,” असं ह्यांचं म्हणणं. शिवाय घर बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत!

पण आदल्या वर्षीपासून व्याज चढत होतं. मे २०२२ पर्यंत ४ टक्के असलेला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला होता. बदलत्या व्याजाचं गृहकर्ज त्याच्या मागोमाग जातं.

वाण्याच्या यादीमागे मी आकडेमोड केली. ४० लाख, २० वर्षं. पावणेसात टक्क्यांनी हप्ता साधारण ३०,४०० रुपये. सव्वानऊ टक्क्यांनी ३६,६००. आणि भाडं? त्याच इमारतीतल्या एका बिऱ्हाडात विचारलं, तर १५,०००. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना वजा करा. म्हणजे दरमहा निदान बावीस हजार पगारातून घालायचे!

व्याज वाढलं की हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, असं ऐकलं होतं. पण सव्वानऊ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच ३०,८०० होतं. जुना हप्ता त्यालाही पुरेना!

कागद ह्यांच्यापुढे ठेवला. दोन दिवस अबोला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “अगं, स्वतःच्या घराचं ओझं माणूस हसत उचलतं. दुसऱ्याच्या बिऱ्हाडाचं कशाला?”

आम्ही घर घेतलं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो दर सव्वापाचवर आला, तेव्हा “घेतलं असतं तर!” हा टोमणा मी ऐकून घेतला. त्यांचं खरंही असेल. पण मधल्या काळात लेकीच्या फीला त्याच ठेवी कामी आल्या, हेही खरं.

तुम्ही घ्यायला निघाला असाल, तर जरूर घ्या. फक्त आधी व्याज आजच्यापेक्षा दोन टक्के जास्त धरा, भाडं वर्षात दहाच महिन्यांचं धरा. तरीही घरखर्चाला हात न लावता हप्ता जात असेल, तर खुशाल पेढे वाटा!