गाढव, शेतकरी आणि भूपेन खख्खर

शेतकरी, त्याचा मुलगा आणि गाढव यांची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. मुलगा गाढवावर बसला तर लोक बोलतात, बाप बसला तर नावे ठेवतात, दोघे बसले तर गाढवाची कीव करतात. सर्वांना खूश करता येत नाही, हे तात्पर्य आपण शाळेत घोकतो आणि पुढे जन्मभर सर्वांना खूश करीत बसतो!

या गोष्टीवर भूपेन खख्खर यांनी १९८१ साली एक चित्र रंगवले. खाली बाप-लेक नि गाढव. वर सज्जात एक विवस्त्र माणूस उभा राहून ती गंमत पाहतो आहे. खख्खर मुंबईच्या खेतवाडीतले गुजराती गृहस्थ. जन्म १९३४चा, पेशा चार्टर्ड अकाउंटंटचा. १९६२ साली ते बडोद्यास गेले. पोटासाठी हिशेब आणि जिवासाठी रंग, असा त्यांचा संसार. आपले प्रेम पुरुषांवर आहे, हे त्यांनी आई गेल्यावर, चाळिशी उलटून गेल्यावर, चित्रांतून उघड सांगितले. २००३ साली ते वारले.

मराठीतले साक्षेपी लेखक अरुण खोपकर यांनी नलिनी मलानी, विवान सुंदरम् आणि खख्खर या तिघांवर १९९० साली 'फिगर्स ऑफ थॉट' नावाचा माहितीपट काढला. पुण्याला एका स्नेह्याकडे तो पाहिला आणि मला खख्खरांचा नाद लागला. त्यांची आधीची चित्रे शिंप्याची, न्हाव्याची, घड्याळजीची. शिंप्याच्या दुकानाचे चित्र १९७२चे. आमचा हिंगोली जिल्हा म्हणजे नरसी नामदेवांचा मुलूख; इथे शिंप्याविषयी जिव्हाळा असायचाच.

आमच्या गावातही एक शिंपीमामा आहेत. लग्न केले नाही. बाजाराच्या दिवशी शेजारच्या खेड्यातला त्यांचा दोस्त येई. दोघे एकाच डब्यातली भाकरी खात आणि संध्याकाळच्या एस.टी.ने तो परते. असे तीस वर्षे चालले. तीन वर्षांपूर्वी दोस्त वारला. त्याच्या घरी सारे गाव बसायला गेले. मामाही चारचौघांत बसून आले. मामांच्या दारी मात्र कोणी फिरकले नाही. कशाला फिरकेल? दोस्ताचे ना सुतक, ना दहावा. मी तेवढा आठवडाभर दुकानात जाऊन बसे. ते बोलत नसत, मीही बोलत नसे. मशीन तेवढी चाले.

परवा त्यांना मी खख्खरांची चित्रे दाखवली. शिंप्याच्या चित्रावर ते खूश झाले. पुढचे चित्र १९८२चे, 'टू मेन इन बनारस'. मिठीत दोन विवस्त्र पुरुष आणि भोवती काशीचा नित्याचा व्यवहार, साधू, पूजाअर्चा. माझ्या छातीत धडधडले. मामांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिले.

"हे असं लोकांत मांडलं व्हतं?"

"हो. २०१६ साली लंडनला यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं."

"मानूस काय करायचा?"

"हिशेब लिहायचा."

"हिशेबनीस!" मामा हसले. "म्हंजे साधाच की!"

मला वाटते, खख्खरांवर याहून नेमकी टीका कोणी लिहिली नसेल. कित्येक रसिक म्हणतात, शिंपी-न्हाव्याची चित्रे उत्तम, पण ती दुसरी नकोत. अहो, ज्या मायेने खख्खर दुकानातल्या एकट्या माणसाकडे पाहत, त्याच मायेने त्यांनी ती मिठी रंगवली. अर्धी माया घेऊन अर्धी परत कशी करणार?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. पण कोणाच्या दारी बसायला जावे, हे न्यायालय सांगत नाही; ते गावाने ठरवायचे. औंढ्याला नामदेवांना देवळाच्या मागे कीर्तनाला पिटाळले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे. म्हणून म्हणे तिथला नंदी मागे राहिला. एवढे थोरले दगडी देऊळ फिरते, तर आपल्याला नुसती मान वळवायला काय हरकत आहे?